शाळा उघडण्याआधी: इंग्रजीतल्या अलंकारांची तयारी

सगळ्यात आधी एक वेगळी शंभर पानी वही घ्या. वर्गपाठाची नको. दहावीला जाणाऱ्या मुलांना मी हे मे महिन्यातच सांगते, कारण जूनमध्ये शाळा उघडली की पाऊस लागतो, एसटी उशिरा येते, खाडीपलीकडची मुलं दोन-दोन दिवस अडकतात आणि तोवर वर्गात दुसरी कविता सुरू झालेली असते. वहीची जोडपानं वापरायची. डाव्या पानावर अलंकाराचं नाव स्पेलिंगसह लिहायचं, उजवं पान कोरं ठेवायचं. ते सुट्टीत भरायचं आहे.

पहिल्या खेपेला दहा नावं पुरेत: सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, अलिटरेशन, ऑनोमॅटोपिया, हायपर्बली, रिपिटिशन, अँटिथिसिस (म्हणजे विरुद्ध कल्पना शेजारी-शेजारी ठेवणं), अपॉस्ट्रफी आणि ट्रान्सफर्ड एपिथेट. ती आधी मोठ्यानं म्हणा. ‘सिमाईल’ आणि ‘हायपरबोल’ असं वाचण्याची सवय लागली की मग सुटत नाही. शेवटचा ई दोन्हीकडे उच्चारायचा असतो. ऑनोमॅटोपियाची बारा अक्षरं हातानं दहा वेळा लिहा. पी नंतर सलग चार स्वर येतात, ओ, ई, आय, ए, आणि बहुतेक मुलं तिथेच चुकतात.

मराठीचं पुस्तकही शेजारी ठेवा. उपमा (सिमिली), रूपक (मेटाफर), अतिशयोक्ती (हायपर्बली), चेतनगुणोक्ती (पर्सोनिफिकेशन) तुम्ही शिकलेले आहात, तेव्हा निम्मं काम झालेलं आहे. पण दोन्हीकडचे खण तंतोतंत जुळत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. आपली उत्प्रेक्षा, म्हणजे ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’वाली, तिला या दहांत स्वतंत्र नाव नाही. अनुप्रासात अक्षर शब्दाच्या पोटात आलं तरी चालतं. अलिटरेशनमध्ये जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीचा आवाज पाहायचा. आवाज, अक्षर नव्हे. ‘किंग’ आणि ‘कॅट’ यांची पहिली अक्षरं वेगळी असूनही ते जुळतात, ‘कॅट’ आणि ‘सिटी’ दोन्ही सी नं सुरू होऊनही जुळत नाहीत. ऑनोमॅटोपिया म्हणजे आवाजाची नक्कल करणारा शब्द, त्याचंही तसंच. खळखळ, कडकड, धडधड चालतील. लखलख चालणार नाही, कारण उजेडाला आवाज नसतो.

मेटाफरसाठी मात्र एक अख्खी दुपार राखून ठेवा. मी शाळेत असताना त्याची व्याख्या घडाघडा म्हणायचे आणि परीक्षेत ओळ समोर आली की ओळखता यायची नाही. पुढे कधीतरी कळलं की हा शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘पलीकडे वाहून नेणं’. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर दाभोळ-धोपावे फेरीबोट आली. या काठावरची गाडी माणसांसकट उचलायची आणि वाशिष्ठी नदीच्या त्या काठावर उतरवायची. मेटाफर हेच करतो. एका वस्तूचा गुण उचलून दुसरीच्या अंगणात नेऊन ठेवतो. ‘आजी म्हणजे घराचं आढं’ म्हटलं, की आढ्याचं सगळं छप्पर पेलणं आजीकडे आलं. ‘आजी आढ्यासारखी’ म्हटलं की दोन काठ वेगळे दिसत राहतात, ती सिमिली. तेव्हा दोन काठ कोणते आणि बोटीतून काय गेलं, हे दोन प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता उजवं पान. यासाठी गाइड उघडू नका, घराबाहेर पडा. जत्रेत किंवा घरच्या कार्यात गाऱ्हाणं घालतात तेव्हा दर मागण्यामागे सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात, तो ठेका रिपिटिशन. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात दर्याला शांत हो म्हणून विनवतात. जे माणूस नाही त्याच्याशी थेट बोलणं म्हणजे अपॉस्ट्रफी, आणि तो रागावतो, ऐकतो असं मानणं म्हणजे पर्सोनिफिकेशन. एकाच ओळीत दोन्ही असू शकतात, गोंधळू नका. (स्पेलिंगमध्ये वर येणारा स्वल्पविराम, त्यालाही अपॉस्ट्रफीच म्हणतात, तो वेगळा.) वादळात होडी परत येईपर्यंत बायका ‘जागती रात्र’ काढतात. जाग्या बायका असतात, विशेषण मात्र रात्रीला चिकटलेलं असतं, हा ट्रान्सफर्ड एपिथेट. मला हा सगळ्यांत आवडतो, कारण माणसाचं दुःख तो न बोलता वस्तूवर ठेवतो. हायपर्बली कुठे शोधायची ते सांगायला नको. मासा सुटून गेलेल्या कुणालाही विचारा.

ही उदाहरणं मराठीतच लिहा आणि खाली एका ओळीत त्यांचं इंग्रजी करून पाहा. साधं इंग्रजी चालेल, चुकलं तरी चालेल. जून उजाडेपर्यंत दर अलंकाराला दोन झाली तरी पुष्कळ.

यमकाच्या रचनेसाठी पेन्सिल पुरते. ओळींच्या शेवटाला ए, बी, ए, बी अशी अक्षरं देताना (जुळणाऱ्या शेवटांना एकच अक्षर) डोळ्यांवर विसंबू नका, ओळ म्हणून पाहा. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ कागदावर जुळतात, कानाला नाही.

जमलं तर गणपतीपुळ्याला जाल तेव्हा शेजारच्या मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात जाऊन या. इंग्रजीतला सॉनेट मराठीत आणून रुजवला तो याच गावच्या कवीनं. आपण त्याला सुनीत म्हणतो. चौदा ओळी, कधी आठ आणि सहा अशा, कधी चार-चार-चार आणि शेवटी दोन. वर्गात सॉनेट आला की परका वाटणार नाही.

उत्तर लिहिण्याचा सराव शेवटच्या आठवड्यात करा. अलंकाराचं नाव लिहून थांबायचं नाही. कशाला काय म्हटलंय आणि दोन्हीत समान काय, हे त्या ओळीतलेच शब्द घेऊन सांगायचं. भावंडानं कुठलीही ओळ वाचावी, तुम्ही तोंडी उत्तर द्यावं, मग लिहावं. आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवा. पहिल्याच पावसात शाई पसरते.