हिवाळी विणकामातील या चुका टाळा

नागपूरची थंडी फसवी असते. डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरतो, २९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांपर्यंत गेला होता; आणि तरीही याच ऋतूत दुपारी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या माणसाला अंगातला स्वेटर काढून बाजूला ठेवावा लागतो. विणकामाच्या नमुन्यांत मात्र हा दुपारचा विचार नसतो, कारण ते बहुधा डोंगराळ प्रदेशातील किंवा परदेशातील दिवसभराच्या थंडीसाठी तयार झालेले असतात. त्यामुळे पहिली चूक सुई हातात घेण्यापूर्वीच होते. हौसेने जाड लोकर आणली जाते, बंद गळ्याचा, वेणीच्या नक्षीचा भारदस्त स्वेटर महिनाभर खपून विणला जातो आणि तो पहाटेच्या फिरण्यापुरताच अंगावर चढतो. आपल्याकडे बारीक लोकरीचा, पुढून बटणांचा स्वेटर किंवा बिनबाह्यांची बंडी अधिक वापरली जाते, कारण ती सकाळी चढवता आणि अकरा वाजता सहज उतरवता येते. शिवाय हंगाम आखूड आहे. संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागते, म्हणून मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा असेल तर तो दसऱ्याच्या सुमारास सुईवर चढलेला बरा.

यानंतरच्या चुकांविषयी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. विणकामातील दोष जिथे डोळ्यांना दिसतो, तिथे तो क्वचितच घडलेला असतो. गळा डोक्यातून जात नाही याचे कारण टाके बंद करताना ओढलेल्या हातात असते, आणि छातीचा घेर ढगळ झाला याचे कारण मापासाठी आधी विणायला हव्या असलेल्या, पण कधीही न विणलेल्या एका छोट्या चौकोनात असते. म्हणून काम बिघडलेले दिसताच उसवायला बसण्याऐवजी आधी मागे जाऊन कारण शोधावे. निम्म्या वेळा उसवावेच लागत नाही.

सुईचा क्रमांक आणि नमुन्याचा तुकडा

आपल्या बाजारातील सुयांचे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, म्हणजे क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी आहे. मोबाइलवर पाहिलेल्या अमेरिकी नमुन्यात ८ क्रमांकाची सुई सांगितलेली असेल तर ती ५ मिलिमीटरची असते, आणि आपल्या दुकानात ८ क्रमांक मागितल्यास ४ मिलिमीटरची सुई मिळते. १० क्रमांकाच्या बाबतीत तर फरक आणखी वाढतो, कारण तिकडची १० क्रमांकाची सुई ६ मिलिमीटरची आणि आपली ३.२५ मिलिमीटरची. तो नमुना आपल्याकडच्या त्याच क्रमांकाच्या सुईवर विणला तर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ आणि आकाराने आखूड होते, आणि दोष बिचाऱ्या लोकरीवर जातो. क्रमांक विसरून मिलिमीटरच पाहावेत.

सुई बरोबर असली तरी हात प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून मुख्य कामाआधी किमान पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणून, तो धुऊन, वाळवून, मधल्या भागातील दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य. पण हिशेब एकदा करून पाहिला की ते टाळण्याचे धाडस होत नाही. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिलिमीटरच्या सुईवर दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके हे सर्वसाधारण प्रमाण आहे. शंभर सेंटिमीटर घेराच्या स्वेटरसाठी त्याप्रमाणे २२० टाके घातले आणि आपला हात सैल असल्यामुळे प्रत्यक्षात २० टाकेच बसत असले, तर तयार स्वेटर ११० सेंटिमीटरचा होतो. दहा सेंटिमीटरमागे अवघ्या दोन टाक्यांचा फरक, पण स्वेटर दुसऱ्याच माणसाच्या मापाचा. टाके कमी बसत असतील तर एक माप बारीक सुई घ्यावी, जास्त बसत असतील तर जाड. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करण्याचा प्रयत्न करू नये, कारण गप्पांच्या ओघात चार ओळींतच हात मूळपदावर येतो.

लोकर खरेदीतही घाई नडते. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाबरोबर रंगवणीचा लॉट क्रमांकही, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा क्रमांकही, छापलेला असतो. दोन लॉटमधील फरक दुकानातील ट्यूबलाइटखाली कळत नाही, पण पाठीवर मधोमध पट्टा उमटून उन्हात स्पष्ट दिसतो. सगळी लोकर एकदमच घ्यावी आणि एखादा गुंडा जास्तीचाच आणावा. तरीही कमी पडलीच आणि नागपूरच्या बाजारांत बर्डीपासून इतवारीपर्यंत तोच लॉट मिळाला नाही, तर जुना आणि नवा गुंडा दोन-दोन ओळींनी आलटून पालटून वापरावा म्हणजे फरकाची रेघ विरून जाते.

टाक्यांचे दोष

सर्वांत जास्त विचारली जाणारी तक्रार म्हणजे टाके आपोआप वाढतात. साठ टाक्यांनी सुरू केलेला मफलर हातभर विणून होईपर्यंत सत्तर टाक्यांचा होतो आणि कडा तिरक्या पसरतात. याची कारणे दोन. ओळ उलटल्यावर धागा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिल्या टाक्याच्या दोन्ही बाजू वर येतात, एका टाक्याचे दोन दिसतात आणि नवशिका दोन्ही विणून मोकळा होतो. वाढ कडेलाच असेल तर हेच कारण समजावे. वाढ मध्येच असेल आणि तिथे बारीक भोक पडलेले असेल, तर सुलट टाक्यावरून उलट टाक्यावर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे न आणता सुईवरून आणला गेला आहे. एक सुलट, एक उलट अशा पट्टीत हे हमखास घडते. असा वेढा पुढच्याच ओळीत लक्षात आला तर तो न विणता सुईवरून सोडून द्यावा. आजूबाजूचे टाके ती ढील सामावून घेतात.

सुटलेला टाका पाहून घाबरण्याचे कारण नाही. तो खाली कितीही ओळी घसरला असला तरी क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा त्यातून ओढून घेत वर आणता येतो. सुलट टाका कापडाच्या पुढच्या बाजूने आणि उलट टाका मागच्या बाजूने उचलावा. लोकर केसाळ असेल तर टाका फार घसरतही नाही, सुती धागा मात्र क्षणात खालपर्यंत धावतो, म्हणून तिथे आधी एक पिन अडकवून मगच क्रोशाची सुई शोधायला उठावे.

पीळ पडलेले टाके ओळखणे जरा अवघड असते. टाक्याचे पाय एकमेकांवर आडवे पडलेले दिसतात आणि कापड आवळल्यासारखे लागते. प्रत्येक सुलट ओळीत आणि उलट ओळीतही असे टाके असतील तर सुई टाक्याच्या मागच्या बाजूत घालण्याची सवय लागली आहे; एकाआड एक ओळीतच असतील तर उलट ओळ विणताना धागा सुईभोवती विरुद्ध दिशेने गुंडाळला जात आहे; आणि एखादाच टाका तसा असेल तर तो सुटल्यानंतर उचलून सुईवर उलटा चढवला गेला आहे. तिन्ही ठिकाणी दोष दिसायला सारखाच, पण शेवटच्या प्रकारात फक्त तो टाका सरळ करायचा असतो आणि पहिल्या दोहोंत हाताची सवय बदलावी लागते. कामाच्या मध्यावर सवय बदलू नये, हेही सांगायला हवे. अर्ध्या पाठीचे पिळाचे टाके आणि अर्ध्या पाठीचे सरळ टाके हे संपूर्ण पिळाच्या पाठीपेक्षा वाईट दिसते.

सुलट टाक्यांच्या ओळी जोडीजोडीने उमटून मध्ये खाचा दिसत असतील, तर उलट ओळ विणताना हात सैल पडतो आहे. उलट ओळीसाठी दुसऱ्या हातात अर्धे माप बारीक सुई धरल्यास हा दोष बऱ्याच अंशी जातो. ओळ अर्धवट टाकून उठण्याचाही असाच मोह असतो. दाराची बेल वाजली तरी ओळ पुरी करावी, कारण मध्येच ठेवलेल्या जागी टाके ताणले जातात आणि परत येताना सुया उलट्या हातांत घेतल्या गेल्या तर त्याच बाजूने मागे विणून तिथे आखूड ओळ आणि भोक तयार होते.

माप, गळा आणि जोडणी

लहान मुलाचा गळा डोक्यातून जात नाही, ही तक्रार आजी-मावश्यांच्या विणकामात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असते आणि गळ्याचे टाके शेवटी बंद होत असल्याने त्या वेळी काम संपवण्याची घाई असते. टाके बंद करताना दोन मापे जाड सुई वापरावी आणि स्वेटरच्या खालच्या पट्टीचे टाके घालतानाही तेच करावे. आधीच आवळलेला गळा असेल तर सगळा स्वेटर उसवू नये; फक्त बंद केलेली कड सोडवून टाके पुन्हा सुईवर घ्यावेत आणि सैल हाताने बंद करावेत.

बटणपट्टी लाटांसारखी फुगते किंवा कड ओढून घेते, तेव्हा दोष पट्टीच्या विणीत नसून कडेवरून उचललेल्या टाक्यांच्या संख्येत असतो. सुलट विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून दर चार ओळींमागे तीन टाके उचलावेत. प्रत्येक ओळीतून एक उचलला तर पट्टी फुगणारच.

लांबी मोजताना कापड सुईवर लटकत धरू नये, सपाट पाटावर पसरून मोजावे. दोन बाह्या वेगवेगळ्या लांबीच्या होऊ नयेत यासाठी उत्तम उपाय म्हणजे दोन गुंडे घेऊन दोन्ही एकाच सुईवर शेजारी-शेजारी विणणे. मुंढ्याचे टाके कमी करायचे तेही मग एकाच ओळीत होतात. नवा गुंडा जोडणे ओळीच्या सुरुवातीलाच करावे. मधोमध मारलेली गाठ धुतल्यावर पुढच्या बाजूला डोकावते, आणि ती नेहमी छातीवरच येते असा अनुभव सांगणाऱ्या बायका कमी नाहीत.

पूर्ण झालेल्या स्वेटरवर इस्त्री फिरवण्याची चूक थोड्या वेळातच सगळे श्रम वाया घालवते. बाजारातील बरीचशी स्वस्त लोकर प्रत्यक्षात ॲक्रिलिक असते. उष्णतेने तिचा लवचीकपणा कायमचा जातो आणि पट्टी पुन्हा आक्रसत नाही. खऱ्या लोकरीला याउलट गरम पाणी आणि चोळणे सोसत नाही, कारण तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून कापड आटते आणि नमद्यासारखे घट्ट होते. दोन्ही प्रकार थंड पाण्यात, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत आडवे वाळवावेत. जाता जाता आणखी एक: संत्र्याच्या हंगामात फोडी खात पांढरी लोकर विणू नये. सालीतील तेलाचे पिवळे डाग सहज निघत नाहीत.

हातसुतावर विणताना

विदर्भ हा कापसाचा प्रदेश, आणि सेवाग्राम नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर. त्यामुळे टकळी किंवा पेटी चरखा अजूनही काही घरांत सापडतो आणि हिवाळ्याच्या दुपारी तो उघडून स्वतःच्या सुताची बंडी विणावी असे कुणाला वाटले तर ते योग्यच आहे. आपल्या हवामानाला सुती विणकाम मानवतेही. परंतु इथे लोकरीचे नियम तसेच लावले की निराशा होते. कापसाचा तंतू लोकरीपेक्षा आखूड असतो, म्हणून त्याला पीळ जास्त द्यावा लागतो. सूत सारखे तुटत असेल तर तुटलेले टोक पाहावे. टोक मऊ आणि फुललेले असेल तर पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, वेगाने ओढला जात आहे आणि पीळ कमी पडतो आहे. टोक आक्रसून गुंतलेले असेल तर चात, म्हणजे सुताला पीळ देणारी फिरती सळई, जास्त फिरते आहे आणि ओढणे मागे पडते आहे. पीळ नेहमी बारीक जागी धावतो आणि जाड जागा पोकळ राहते, त्यामुळे जाड गाठ आली की जास्त पीळ देऊन ती दाबण्याऐवजी थांबून ती दोन्ही बोटांनी हलकेच ताणून बारीक करावी.

कातलेले एकपदरी सूत थेट विणायला घेणे ही यातील मोठी चूक. त्यात साठलेला पीळ सुटण्याची वाट शोधतो आणि सुलट विणीचे कापड चौकोनी न राहता एका बाजूला झुकते. धुतल्यावर बाजूची शिवण पोटावर येते. टाके मोजून हा तिरकेपणा सापडत नाही, कारण टाके बरोबरच असतात. दोन पदर कातल्याच्या विरुद्ध दिशेने एकत्र पिळावेत, लडी सैल बांधून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावी म्हणजे कापसावरील मेण निघून सूत पाणी शोषू लागते आणि जे आटायचे ते विणण्याआधीच आटते. वाळलेली लडी मग दोन्ही हातांत धरून खाली मोकळी सोडावी. ती सरळ लोंबली तर सूत विणण्याजोगे आहे. दोन पदर ज्या दिशेने पिळले होते त्याच दिशेने ती स्वतःभोवती वळली तर तो पीळ कमी पडला आहे, विरुद्ध दिशेने वळली तर जास्त झाला आहे, आणि तितका फरक चरख्यावर पुन्हा चढवून दुरुस्त करून मगच टाके घालावेत.