रानफुलं ओळखताना या चुका टाळा: फूल नुसतं समोरून बघू नका

रानफूल दिसलं की आपण काय करतो, मोबाईल काढतो, वरून एक फोटो मारतो, ॲपमध्ये टाकतो आणि जे पहिलं नाव येईल ते धरून पुढे निघतो. मीही कित्येक वर्षं हेच करत होते. मग एकदा जुने फोटो नीट लावायला बसले तेव्हा लक्षात आलं की सगळे फोटो वरून काढलेत, फुलाच्या मागे काय होतं, नळी होती का, देठाशी काय फुगलेलं होतं, यातलं काहीच फोटोत नाही, त्यामुळे त्यातल्या कितीतरी फुलांची नावं आजही लागलेली नाहीत. म्हणून ज्या चुका मी स्वतः केल्या आणि नवीन मंडळींना करताना बघते त्या इथे लिहितेय. फुलाची रचना कळली ना, तर निदान कुळ (जवळच्या नात्यातल्या झाडांचा गट) तरी जागच्या जागी कळतं, आणि कुळ कळलं की अर्धं काम झालं.

रंगापासून सुरुवात करणं

"निळं फूल आहे, कुठलं असेल?" असा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर देता येत नाही, कारण रंग ही फुलातली सगळ्यात बेभरवशाची गोष्ट. घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा केशरी दिसतात, ती वेगळी नसतात, फक्त कडेची आधी उमललेली असतात. कळलावीचं फूलही जसं जुनं होत जातं तसं जास्त लाल होतं. शिवाय जांभळ्या फुलांच्या झाडांत मधेच एखादं पांढऱ्या फुलांचं झाड निघतं, त्याला लगेच नवीन जात समजू नका. रंग वहीत लिहा जरूर, पण शेवटी लिहा.

अख्ख्या गुच्छाला एक फूल समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, त्यामुळे इथे जरा थांबू. सूर्यफूल, झेंडू, सोनकी, एकदांडी यांचं जे "फूल" आपण म्हणतो ते एक फूल नाहीच, ती अनेक बारक्या फुलांची भरलेली तबकडी आहे. एकदांडी घ्या, ती जवळजवळ कुठेही मिळते. कडेला चार-पाच पांढुरक्या "पाकळ्या" दिसतात, त्यांच्या टोकाला तीन दाते असतात. त्यातली एक हळूच ओढून काढा आणि बुडाशी बघा. खाली इवलंसं अंडाशय (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग) असतं आणि वर दोन फाट्यांचं कुक्षीचं (पराग जिथे बसतात त्या शेंड्याचं) टोक डोकावतं, म्हणजे ती पाकळी नसून एक स्वतंत्र फूल आहे. मधल्या पिवळ्या भागातली एक काडी उपसली तर तीही फूलच निघते, पाच दात्यांची छोटी नळी, आत पुंकेसरांचे (फुलातल्या नर भागांचे) परागकोश, म्हणजे परागांच्या पिशव्या, एकमेकांना चिकटून त्यांची नळी झालेली आणि त्यातून वर आलेला कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीची दांडी. मी हे पहिल्यांदा भिंगाखाली बघितलं तेव्हा कितीतरी वेळ एकच फूल सोलत बसले होते.

इथे लोक अडकतात ते मोजणीत. कडेच्या "पाकळ्या" मोजून आठ आल्या, तेरा आल्या, म्हणजे कुठलं कुळ, असा हिशोब लावतात आणि तो कधीच लागत नाही. सूर्यफुलाच्या या कुळात मोजायचं असेल तर एका बारक्या फुलाचे दाते मोजा. आणि तबकडीच्या खाली जी हिरवी पानं असतात त्यांना निदलं (एका फुलाची कळी झाकणारी बाहेरची पानं) म्हणू नका, ते छद आहेत, अख्ख्या गुच्छाला धरून ठेवणारे. एकदांडीसारख्या फुलांत खरी निदलं बारक्या फुलाच्या बुडाशी केसांच्या झुपक्याच्या रूपात उरलेली असतात, आणि बी पिकल्यावर तोच झुपका छत्रीसारखा वाऱ्यावर उडतो. या एकाच कुळात 20 हजारांहून जास्त जाती आहेत, त्यामुळे ही एक गोष्ट पक्की झाली तरी केवढा मोठा ढीग बाजूला निघतो बघा.

लाजाळूचा गुलाबी गोंडा पण असाच, अनेक फुलांचा, आणि आपल्याला जे गुलाबी केस दिसतात ते बहुतेक पुंकेसरांचे तंतू असतात.

जे रंगीत ते पाकळी, असं धरणं

बोगनवेलीचे रंगीत "पाकळ्यां"चे तीन तुकडे म्हणजे छद आहेत, प्रत्येकाच्या मधल्या शिरेला एक बारीक पांढुरकी नळी चिकटलेली असते, ते खरं फूल. आता गुलबक्षी बघा. तिथे रंगीत कर्णा दिसतो त्या आपल्याला पाकळ्या वाटतात पण ती निदलं आहेत, आणि खालचा हिरवा पेला जो निदलांसारखा दिसतो तो छदांचा. दिसायला काहीच साम्य नाही, पण गुलबक्षी आणि बोगनवेल एकाच कुळातल्या आहेत, आणि हे रचना बघितल्याशिवाय कधीच सुचणार नाही. भूतकेसाचं ते पांढरं पान पण असंच फसवतं, काही फुलांचं एक निदल मोठं होऊन पानासारखं पसरतं आणि खरं फूल मात्र छोटं, पिवळं-केशरी.

मग ओळखायचं कसं? बाहेरून आत या. फुलाच्या देठापासून सुरू करा, आधी छद, मग निदलं, मग पाकळ्या, मग पुंकेसर, मग मधे स्त्रीकेसर (अंडाशय, कुक्षीवृंत आणि कुक्षी मिळून). एकेक मजला मोजत गेलं की कोण कुठल्या मजल्यावर आहे ते कळतं. एक मजला कमी भरला तर गडबडू नका, काही फुलांत तो खरंच नसतो. कळलावीसारख्या फुलांत निदलं आणि पाकळ्या वेगळ्या काढताच येत नाहीत, सहाच्या सहा सारख्या, त्यांना परिदलं म्हणायचं.

सुट्या आणि जोडलेल्या पाकळ्यांत फसणं

सदाफुली समोरून बघितली तर कोणीही सांगेल पाच सुट्या पाकळ्या. एक पाकळी धरून हळू ओढा, पाचही एकत्र येतात, मागे लांब बारीक नळीसकट, आणि पुंकेसर त्या नळीच्या आत चिकटलेले. म्हणजे पाकळ्या जोडलेल्या आहेत, वर फक्त पाच भाग झालेत. हा फरक छोटा वाटतो पण यावरून कुळांचे मोठे गट वेगळे पडतात आणि वरून काढलेल्या फोटोत तो दिसतच नाही. झाडाखाली गळून पडलेली फुलं बघायची सवय लावा, बहुतेकदा सुट्या पाकळ्या एकेक करून पडतात आणि जोडलेल्या अख्ख्या पडतात, फूल तोडायचीही गरज नाही.

नुसती संख्या मोजणं

लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने 1735 मध्ये झाडांचे 24 वर्ग केले होते आणि त्यातले बरेचसे चक्क पुंकेसरांच्या संख्येवरून. सोपं होतं म्हणून लोकांनी उचललं, पण त्यात एकमेकांशी काही नातं नसलेली झाडं केवळ पुंकेसर पाच म्हणून शेजारी बसली. मात्र त्याचा एक वर्ग बराचसा टिकला, चार पुंकेसर लांब आणि दोन आखूड असा, म्हणजे आपलं मोहरीचं कुळ. तो टिकला कारण तिथे नुसते सहा मोजले नव्हते, ते सहा कसे लावलेत हे पण बघितलं होतं.

आपणही तेच करायचं. चार पिवळ्या पाकळ्या आणि लांब शेंग दिसली की पिवळ्या तिळवणीला सर्रास मोहरीच्या कुळात टाकतात. तिच्या चारही पाकळ्या एका बाजूला वळलेल्या असतात, मोहरीसारखा क्रॉस होत नाही, पुंकेसर सहापेक्षा बरेच जास्त आणि झाड हाताला चिकट लागतं. जास्वंदीत पुंकेसर मोजत बसण्यात अर्थच नाही, सगळ्या तंतूंची मिळून कुक्षीवृंताभोवती एक नळी झालीये हीच तिची खूण.

आकार ओळखीचा वाटला की थांबणं

दोन ओठांचं फूल आणि चौकोनी खोड म्हणजे तुळशीचं कुळ, हे बहुतेकांना पाठ असतं. पण घाणेरीचं खोडही चौकोनी असतं आणि ती त्या कुळातली नाही. म्हणून फूल गळून गेलेला निदलांचा पेला शोधा आणि आत वाका, तुळशीच्या कुळात तळाशी चार इवल्या बिया मांडून ठेवल्यासारख्या दिसतात. ते दिसलं की मगच खात्रीने बोला.

शेंगांच्या कुळात उलटं होतं. वर मोठी पताका, बाजूला दोन पंख आणि खाली होडीसारखं नौतल, असं फुलपाखरी फूल नाही दिसलं की लोक ते कुळच बाद करतात. टाकळ्याला पाच साध्या सुट्या पिवळ्या पाकळ्या असतात, लाजाळूला गोंडा असतो, आणि तरी दोघंही त्याच कुळातले, शेंग बघितली की कळतं. गोकर्णात तर फूलच उलटं असतं, मोठी पताका खालच्या बाजूला. बहुतेक ऑर्किडची कळीही वाढताना अर्धी फिरते, त्यामुळे जी खाली दिसते ती जीभ मुळात वरची पाकळी.

फुलाची मागची बाजू न बघणं

अंडाशय पाकळ्यांच्या वर आहे की खाली, हे फूल उलटं केल्याशिवाय कळत नाही. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या रानवेलींत काही फुलांच्या मागे छोटं फळच दिसतं, ती मादी फुलं, आणि ज्यांच्या मागे नुसता देठ ती नर. फक्त नर फूल बघून "अंडाशय नाही, फूल खराब आहे" असं लिहिलेलं मी पाहिलंय. तेरड्यात मागची शेपटी एका निदलाची असते, ती समोरून दिसतच नाही. तेरड्यात अजून एक गंमत आहे, ताज्या फुलात पुंकेसरांची टोपी अंडाशयावर बसलेली असते, ती पडल्यावरच कुक्षी उघडी होते, त्यामुळे एकाच झाडावरची दोन फुलं आतून वेगळी दिसतात. म्हणून एका फुलावर निकाल देऊ नका, कळी, ताजं फूल, जुनं फूल, फळ, असं चार-पाच ठिकाणी बघा.

वेळही बघा. केण्याची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात, मग दुपारी गेलेल्याला नुसते हिरवे दुमडलेले छद दिसतात.

काहीच जुळत नसेल तर

आधी बघा, फूल डबल जातीचं तर नाही ना, बागेतून पसरलेल्या डबल फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, तिथे मोजणी लागणारच नाही. रुईसारखं फूल असेल तर त्यात नेहमीचे पुंकेसर शोधू नका, मधे पुंकेसर आणि कुक्षी यांचा एकच जोडलेला खांब असतो आणि पराग पुड्यांमध्ये बांधलेले असतात. जुन्या पुस्तकात एक कुळ आणि ॲपमध्ये दुसरं दिसत असेल तर बहुधा दोन्ही आपापल्या काळात बरोबर असतात. 1998 पासून डीएनएवर आधारलेली मांडणी रुळली आणि रुईचं जुनं वेगळं कुळ सदाफुलीच्या कुळात आलं.

भिंगातून धूसर दिसतंय अशी तक्रार पण खूप येते. दहापट भिंग हातभर लांब धरू नका, ते डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि फूल पुढे-मागे करत स्पष्ट होईपर्यंत जवळ आणा, भिंग हलवायचं नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, धोतरा आणि कळलावी विषारी आहेत, तेव्हा फूल सोलल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. एखाद्या ठिकाणी फूल एकटंच असेल तर सोलायचंच नाही, समोरून, बाजूने, मागून आणि पानांच्या जोडीसकट असे चार फोटो काढा, ते पुरतात.