मिनी ट्रॅक्टरचा लोडर: मृगाआधी काय तपासावे, काम कसे घ्यावे

उन्हाळी नांगरट उरकली की मे महिन्यात शिवारात एकच धांदल उडते. उकिरड्यातले शेणखत रानात पोचवायचे असते, तलावाचा गाळ पसरायचा असतो, पाणंदीचे खड्डे मुरमाने भरायचे असतात, बांधाला पडलेले दगडगोटे हलवायचे असतात. रोहिणीत एखादा जोराचा पाऊस झाला की काळ्या रानात चाक घालता येत नाही, म्हणून सगळी ओढाताण मृगाच्या आत. मजूर मिळत नाहीत, आणि मोठे यंत्र भाड्याने सांगितले तर आपली पाळी येईपर्यंत ढग डोक्यावर आलेले असतात. म्हणून द्राक्ष, डाळिंब, संत्र्याचे काही बागायतदार फवारणी-मशागतीच्या मिनी ट्रॅक्टरलाच पुढे लोडर, म्हणजे दोन लोखंडी हातांवर (आर्मवर) माल उचलणारी बकेट, बसवून घेतात. काम हलके होते यात शंका नाही. पण ट्रॅक्टर हे मुळात मागे ओढण्यासाठी बांधलेले यंत्र आहे. त्याला पुढे उचलायला लावले की त्याचा सगळा तोल बदलतो, आणि लोडरवाल्या ट्रॅक्टरचे बहुतेक दुखणे तिथूनच सुरू होते.

साधा हिशेब मांडून पाहू. मिनी ट्रॅक्टरच्या लोडरची बकेट साधारण 0.15 घनमीटरची धरा. सुकलेले शेणखत घनमीटरला 500 ते 600 किलो भरते, म्हणजे एका बकेटला 75-90 किलो. ओला गाळ मात्र घनमीटरला 1600 ते 1800 किलो असतो. म्हणजे तीच बकेट गाळाने भरली की अडीचशे किलोवर जाते. आता पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर दीड मीटर आणि बकेटमधल्या मालाचा मध्य पुढच्या एक्सलच्या एक मीटर पुढे आहे असे समजा. बकेटमध्ये 250 किलो असले तरी पुढच्या एक्सलवर जादा भार येतो सुमारे 415 किलो, आणि मागच्या चाकांवरून 165 किलो उतरतात. लोडरचे स्वतःचे लोखंड यात धरलेले नाही. 25-27 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः 650 ते 1000 किलोचा, तेव्हा हे आकडे त्याच्यासाठी थोडेथोडके नाहीत.

यातली दुसरी बाजू जास्त घातक आहे. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागचे वजन उतरले की ब्रेक दाबूनही चाक नुसते घसरत जाते. उतारावर भरली बकेट घेऊन तोंड खाली करून येणारा ट्रॅक्टर म्हणूनच थांबत नाही. भरली बकेट नेहमी चढाच्या बाजूला ठेवा: चढताना पुढे, उतरताना रिव्हर्समध्ये. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर उतारावर ती चालूच ठेवा. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यामुळे मागच्या ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. आडव्या उतारावर भरली बकेट घेऊन जाऊच नका.

यावरचा उपाय स्वस्त आहे, तरी तोच सर्वांत जास्त टाळला जातो: मागे वजन द्या. थ्री पॉइंटला (मागे अवजार जोडायच्या तीन सांध्यांना) रोटाव्हेटर जोडून वीतभर वर उचलून ठेवला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद ठेवला, तरी काम भागते; लहान रोटाव्हेटरही दोनशे किलोच्या आसपास भरतो. रोटाव्हेटर अडकवून ठेवायचा नसेल तर गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पेटी करून तिला तिन्ही पिना बसवून घ्या आणि आत काँक्रीट ओता. 100 लिटर काँक्रीटचे वजन सुमारे 240 किलो होते. मागच्या टायरमध्ये पाणी भरून घेतले तर वजन खालीच राहते, तोल आणखी सावरतो. कंपनीच्या पुस्तिकेत लोडरसाठी मागे किती वजन हवे ते दिलेले असते. तो आकडा शेवटचा माना, त्याच्यावर जाऊ नका. पुढच्या टायरची हवाही पुस्तिकेप्रमाणे ठेवा. एका टायरमध्ये हवा कमी असली की बकेट वर जाताच ट्रॅक्टर त्या अंगाला कलंडतो.

बकेट भरून चालताना ती गुडघ्याच्या वर नको. रिकामी करायच्या जागी, ट्रॉलीला भिडल्यावर, मगच उचला. उचललेल्या बकेटने वळणे हे मिनी ट्रॅक्टर उलटण्याचे मोठे कारण आहे, कारण त्याची चाके मुळात बागेच्या ओळीत मावावीत म्हणून जवळजवळ बसवलेली असतात. चाके बाहेर सरकवता येत असतील तर लोडरच्या कामापुरती सरकवून घ्या. मागे संरक्षक फ्रेम असेल तर ती उभी करून पट्टा बांधा.

गाळाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. 2017 मध्ये सुरू झालेली आणि 2023 पासून पुन्हा राबवली जाणारी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना बऱ्याच गावांत पोचली आहे, त्यामुळे उन्हाळ्यात गाळ मिळतो. पण तलावाच्या पोटात लहान लोडर घालू नका. वरची पापडी भेगाळलेली, कडक दिसते आणि हातभर खाली चिखल असतो. पुढची चाके एकदा रुतली की भरल्या बकेटसह ट्रॅक्टर आपल्या बळावर बाहेर निघत नाही. तिथली खोदाई मोठ्या यंत्राची. आपल्या लोडरचे काम शेतात पडलेले ढीग पसरण्याचे आणि ट्रॉली भरण्याचे. प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात तर लोडर अजिबात उतरवू नये. बकेटची एक कड लागली तरी अस्तर फाटते.

लोडरला जेसीबी समजू नका, हे वारंवार सांगावे लागते. कडक मुरूम खणणे, बाभळीचे खोड उपटणे, बकेटचा एक कोपरा दगडाखाली घालून धक्के देणे, यात दोन्ही आर्म एकसारखे ताणले जात नाहीत. एक आर्म किंचित पिळला जातो, बकेट तिरकी बसायला लागते, आणि मग सांध्यातल्या पिना आणि त्यांभोवतीचे बुश (धातूच्या नळ्या) कितीही बदलले तरी दुखणे जात नाही. दगड मोठा असेल तर आधी पहारीने सुटा करा, मग बकेटमध्ये लोटून घ्या.

आता देखभाल. यातही ग्रीस पहिले. लोडरच्या प्रत्येक सांध्याला पिन आणि बुश असतो आणि मे महिन्याची धूळ तिथे काचकागदासारखी घासते. रोज आठ-दहा तास काम असेल तर रोज ग्रीस, आणि शेणखताच्या धुळीत बकेटच्या पिनांना दुपारी आणखी एकदा. बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येऊन मागून ताजे दिसेपर्यंत गन मारा. एखाद्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोटीतून) ग्रीस जात नसेल तर ते सोडून पुढे जाऊ नका. निपल काढून डिझेलमध्ये धुवा, नाहीतर नवे बसवा. ते किरकोळ किमतीत मिळते. कोरडी पिन मात्र आधी बुश खाते, मग आर्मचे भोक लांबट करते, आणि ते भोक लेथवर भरून पुन्हा गोल करून घेण्याचा खर्च झोंबणारा असतो.

पिनेतली ढिलाई ओळखायला दोघे लागतात. एकाने सीटवर बसून, बकेट जमिनीला टेकलेली असताना, लिव्हर अगदी किंचित वर-खाली करायचा. दुसऱ्याने बाजूला, आर्मपासून लांब उभे राहून सांध्यांकडे पाहायचे. आर्म हलण्याआधी पिन नुसतीच भोकात सरकताना दिसली, की तो बुश पावसाळ्याआधी बदला.

हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबाने बकेट उचलणाऱ्या यंत्रणेत, तीन गोष्टी पाहा. पहिली, जॅकचे चकचकीत दांडे: नखाने चाचपून पाहा, नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो प्रत्येक फेरीला ऑइल सील कापतो आहे. दुसरी, अर्धी भरलेली बकेट कमरेएवढी उचलून इंजिन बंद करा आणि लांब थांबा. दहा मिनिटांत ती डोळ्यांना दिसेल इतकी खाली आली तर सील किंवा व्हॉल्व्ह दुरुस्तीला आला आहे. तिसरी, तेलाचा रंग. दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकचे आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असते, त्यामुळे हे दुखणे लोडरपुरते राहत नाही. पाइप जोडण्याच्या कपलरवर टोपणे बसवलेली असावीत. जोडण्याआधी स्वच्छ फडक्याने पुसा.

पाइपाला गळती दिसली तर हात लावून भोक शोधू नका. या तेलाचा दाब 150 बारच्या वर असू शकतो आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार दिसतही नाही, पण कातडीतून आत शिरते. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. हळद लावून घरी बसणारा माणूस काही तासांत हात गमावण्याच्या वाटेवर असतो. अशा वेळी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जा आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. गळती शोधायला पुठ्ठा धरा. पाइप खोलण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, आणि लिव्हर सगळ्या दिशांना दोन-चारदा हलवून दाब सोडलेला असावा. फुगलेला पाइप ट्यूबच्या पट्टीने बांधून चालवू नका.

ट्रॅक्टरच्या बाकी अंगाकडेही पाहा. पुढच्या एक्सलची मधली पिन आणि चाकांचे बेअरिंग लोडरमुळे दुप्पट झिजतात असे समजूनच वागा. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर या दिवसांत रोज सकाळी उघडा. रेडिएटरच्या जाळीत भुसकट अडकते, ते दुपारच्या सुट्टीत झटका. क्लचवर पाय ठेवून पुढे-मागे करण्याची सवय मोडा. बकेट भरलेली असताना ट्रॅक्टर उभा ठेवून स्टेअरिंग फिरवू नका. थोडे चालू द्या, मग वळवा.

उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायला, फांद्या छाटायला माणसाला बकेटमध्ये उभे करून वर नेले जाते. हे कृपा करून बंद करा. एक पाइप फुटला की बकेट माणसासकट खाली येते. पोरांना हौसेने बकेटमध्ये बसवू नका, आणि उचललेल्या बकेटखाली कोणी जाऊ नये, अगदी फिटरनेसुद्धा, आर्मला लोखंडी टेकू दिल्याशिवाय.

शेतातल्या विजेच्या तारा उन्हाने सैल होऊन खाली लोंबतात. कामाला लागण्याआधी रान फिरून त्या कुठे आहेत ते पाहून ठेवा आणि खाली आलेली तार महावितरणला कळवा. बकेट तारेला लागलीच तर सीटवरच बसून राहा, इतरांना ओरडून लांब ठेवा आणि वीज बंद करवून घ्या. ट्रॅक्टरने पेट घेतला तरच उतरा, आणि तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून. एक हात ट्रॅक्टरला आणि एक पाय जमिनीला असे कधीही होऊ देऊ नका.

नवा लोडर घेणार असाल तर रंग आणि बकेटचा आकार नंतर पाहा, आधी खाली वाका. बसवण्याची फ्रेम फक्त इंजिनच्या पुढच्या बोल्टवर टेकलेली असेल तर घेऊ नका. सगळा ताण क्लच हाउसिंगवर येतो आणि ते बिडाचे असल्याने तडकते. फ्रेम मागच्या एक्सलपर्यंत गेलेली असावी. उचलण्याची क्षमता पूर्ण उंचीवर किती, ते लेखी घ्या. जमिनीलगतचा आकडा नेहमी मोठा असतो. ट्रॅक्टरची वॉरंटी आणि विमा लोडर लावल्यावर तसाच राहतो का, हेही आधी विचारा. वर्षात महिनाभरही काम नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, मात्र चालवणारा माणूस एकच ठेवा.

पेरणी सुरू होण्याआधी लोडर उतरवून ठेवा. पुढचे ते वजन ओल्या रानात माती दाबते आणि पेरणीत आडवेही येते. शेणखतातले क्षार लोखंड खातात, म्हणून बकेट आतून-बाहेरून धुऊन, वाळवून वापरलेल्या तेलाचा हात फिरवा. धुताना पाण्याची जोरदार धार सील आणि वायरिंगवर धरू नका. दांडे शक्य तितके आत घ्या, बाहेर राहील त्या भागाला ग्रीस चोपडा. पाइपांची तोंडे बंद करून ते वर बांधा, कारण पावसात गोठ्यात येणारे उंदीर रबर कुरतडतात. सोयाबीनची काढणी झाल्यावर लोडर परत चढवाल तेव्हा फ्रेमचे सगळे बोल्ट पान्याने आवळा, आणि पहिले काही तास काम झाल्यावर ते पुन्हा एकदा आवळून घ्या.