नाताळच्या मिस्सेला कीबोर्ड वाजवताय? या चुका टाळा

नाताळच्या रात्री मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, कीबोर्डवाल्याची फजिती होते ती बोटांमुळे कमी आणि बटणांमुळे जास्त. गाणी दरवर्षीचीच असतात, हात बसलेला असतो, पण मशीनमध्ये कुठलं सेटिंग कसं राहिलंय ते कोणी बघतच नाही.

सगळ्यात बेकार प्रकार म्हणजे ऑटो पॉवर ऑफ. यामाहाच्या पीएसआर-ई सीरिजचे बरेच कीबोर्ड 30 मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतात, आणि नाताळच्या मिस्सेत शुभवर्तमान, फादरांचं प्रवचन, प्रार्थना असं धरून अर्धा तास कुठे जातो कळत नाही. मग अर्पणाचं गाणं सुरू करायला पट्टी दाबावी तर आवाजच नाही, आपण वायरी हलवतोय, साउंडवाला लांबून हातवारे करतोय, कॉयर आपल्याकडे बघतेय. शेवटी लक्षात येतं, घाईघाईत पॉवर चालू करतो आणि लगेच वाजवायला घेतो. खरा घोळ इथेच होतो, कारण बंद झाल्यावर ट्रान्सपोज, म्हणजे अख्ख्या कीबोर्डची पट्टी वर-खाली करणारं सेटिंग, परत शून्यावर गेलेला असतो, तुम्ही प्रॅक्टिस मायनस दोनवर केलेली, आता गाणं अख्खा एक सूर वर आणि बायकांचे आवाज दुसऱ्याच ओळीला फाटतात. उपाय सोपा आहे, सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू करायचा, या सीरिजवर ऑटो ऑफ बंद होतं. दुसऱ्या कंपनीचा असेल तर मॅन्युअल बघा, पण आदल्या दिवशी. आणि प्रत्येक गाण्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात ट्रान्सपोजचा आकडा मोठ्ठा लिहा, डोक्यावर भरवसा ठेवू नका.

सस्टेन पेडल उलटं चालतंय, म्हणजे पाय काढला की सूर लांबतोय? बहुतेक वेळा पेडलवर पाय ठेवूनच कीबोर्ड चालू केलेला असतो. बंद करा, पाय बाजूला घ्या, परत चालू करा.

आवाज पातळ, विहिरीतनं आल्यासारखा येतोय तर साउंडवाल्याशी भांडायच्या आधी वायर बघा. छोट्या कीबोर्डला वेगळं लाइन आउट नसतं, हेडफोनच्याच भोकातनं आवाज काढावा लागतो आणि तो स्टिरिओ असतो. ती स्टिरिओ वायर सरळ मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटला (जो दोन तारांमधला फरकच तेवढा घेतो) लावली की डावा आणि उजवा एकमेकांना खाऊन टाकतात, पियानो गायबच होतो म्हणा ना. एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर घ्या आणि दोन चॅनल वापरा.

आता स्टाइलचं बटण, म्हणजे मशीनचा तयार ताल, याच्यावर माझा जरा रागच आहे. सायलेंट नाइट 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला नुसत्या गिटारवर पहिल्यांदा गायलं गेलं, सहा-आठची (6/8, सहा मात्रांची) अंगाईसारखी चाल, आणि आपली पोरं तिच्याखाली चार मात्रांचा पॉप बीट लावतात! गाणं एकीकडे, ड्रम दुसरीकडे. त्यात मुंबईवरनं आलेले चाकरमानी ऐनवेळी कॉयरमध्ये उभे राहणार, त्यांची प्रॅक्टिस नाही, ते थोडे मागे पडणारच आणि मशीनचा ताल कोणासाठी थांबत नाही. स्ट्रिंग्ज किंवा ऑर्गन लावा, डाव्या हाताने साधा बेस धरा, बस. बेस गिटारवाला असेल तर डावा हात आवरता घ्या, नाहीतर खाली नुसता गाळ होतो.

अजून एक, मिस्सेआधीच्या कॅरल्सनाच व्हॉल्यूम फुल करून बसू नका. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या, चारही रविवारी ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं गीत) नसतो, तो या रात्री परत येतो, सोबत घंटा वाजतात, तिथे कीबोर्ड उठला पाहिजे. आधीच सगळं वाजवून संपवलं तर तिथे काय देणार?

लोकांनी गायची गाणी असतील तर सगळ्यात वरचा सूर वरच्या पांढरी दोनच्या (म्हणजे वरच्या डीच्या) पुढे जाऊ देऊ नका, मध्यरात्री गळे तापलेले नसतात.

मिस्सा मैदानात मांडवाशिवाय असेल तर दव पडतं हे विसरू नका. गाणी नसतील तेव्हा कीबोर्डवर कापड टाकायचं, आणि समुद्राच्या हवेने जॅक खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन चार-पाच वेळा आतबाहेर करायची, पण कीबोर्ड बंद ठेवून आणि शक्यतो 23 तारखेलाच.