यंदा तारा कोण लावणार? दुःखाच्या घरातला नाताळ कसा निभवावा

ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घरावर त्या वर्षी तारा लावत नाहीत. करंज्या, केक, काही करत नाहीत. शेजारपाजारच्या ताटांतून येईल ते खायचं. वसईत आमच्या आळीत ही रीत अजून पाळतात. आमचे हे ९ डिसेंबरला गेले आणि सोळा दिवसांनी नाताळ आला. त्या वर्षी मला काहीच ठरवावं लागलं नाही. अंधाऱ्या ओटीवर बसून राहिले. अकरा ताटं आली, ती धुऊन चिमूटभर साखर घालून परत पाठवली. झाला नाताळ.

खरी पंचाईत दुसऱ्या वर्षी होते. रीत संपलेली असते, दुःख नसतं संपलेलं. वर्षाची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाली, म्हणजे आता सण करायला हरकत नाही असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मुलगा म्हणाला, "आई, यंदा तारा लावू ना?" मी म्हटलं, "लाव की." मग तो शिडी शोधायला गेला. माळ्यावर नाही, न्हाणीमागे नाही, वाडीत नाही. दरवर्षी हे कुठून तरी शिडी आणायचे, तारा चढवायचे आणि शिडी नाहीशी व्हायची. आम्ही मायलेकांनी कधी विचारलंच नव्हतं. वर्षभरात मला जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं त्या शिडीवरून आलं.

पाच नाताळ काढून झाल्यावर हे लिहितेय. मी समुपदेशक नाही. प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे फळ्यावर यादी लिहायची खोड आहे, आणि मला तरी तिनेच तारलं.

यादी नोव्हेंबरातच करा

२ नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांचा दिवस. सगळी आळी दफनभूमीत असते. कबरी धुतलेल्या, झेंडू-शेवंती, मेणबत्त्या. त्या दिवशी रडण्याचं कोणाला नवल वाटत नाही. त्याच आठवड्यात वही घेऊन बसा. डिसेंबर उजाडला की दुकानांतून गाणी सुरू होतात आणि डोकं चालत नाही.

"त्यांची आठवण आली तर काय करू?" हा प्रश्न घेऊन बसू नका. त्यात रात्र जाते आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा, नाताळात ते कोणकोणती कामं करायचे? दुःख नेमकं तिथेच येऊन बसलेलं असतं. तारा आणि शिडी. ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्या तासणं, पतंगाचा कागद चिकटवणं. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत उगवणं. पहाटेच्या लोकलने सोनचाफा दादरच्या बाजारात नेणं आणि येताना फळं आणणं. गाणी म्हणायला आलेल्या पोरांच्या डब्यात पैसे टाकणं. कामवाल्या बाईचं पाकीट. कॅनडातल्या नणंदेला फोन. केक पहिल्यांदा कोण कापणार. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परत येताना स्कूटर कोण चालवणार. माझी यादी तेवीस कामांवर थांबली.

प्रत्येक कामापुढे चारांपैकी एक शेरा मारा: मी करणार, अमुक करणार, यंदा नाही, कायमचं बंद. दुसऱ्यावर टाकलेल्या कामापुढे नाव लिहा आणि त्या माणसाला सांगा. मुलांना आपोआप कळेल असं मानू नका. त्यांना कळत असतं, पण आईला विचारलं तर ती रडेल म्हणून ती गप्प असतात. आई गप्प, मुलं गप्प, आणि केक ताटात तसाच.

सगळ्यात उपयोगाचा शेरा म्हणजे "यंदा नाही". तो पुढच्या वर्षी खोडता येतो, त्यामुळे मारताना हात थरथरत नाही. मध्यरात्रीची मिस्सा मी अशीच तीन वर्षं "यंदा नाही"त ठेवली. गर्दीतून रात्री एक वाजता एकटीने घरी यायचं, ही कल्पनाच नको वाटायची. २५ तारखेला सकाळच्या मिस्सेला गेलं तरी नाताळची मिस्सा होते, तिच्यात काही उणं राहत नाही. आमच्या फादरांनीच सांगितलं, "देवाने वेळ लिहून ठेवलेली नाही." चौथ्या वर्षी सून म्हणाली, चला, मी रिक्षा सांगून ठेवते. गेले.

"कायमचं बंद" मध्ये माझं एकच काम आहे. ह्यांच्या जागी केक दुसऱ्या कोणी पहिल्यांदा कापणं. आता केक कापूनच ताटात येतो.

एक काम मात्र स्वतःच्या हाताने करा

सगळी कामं वाटून टाकू नका. एक ठेवा. शक्यतो असं, ज्याला बरेच दिवस लागतात आणि जे हाताने करावं लागतं. मी गोठ्यातलं गवत ठेवलं.

हे दरवर्षी गहू पेरायचे. माझी पद्धत आता अशी: १२ डिसेंबरच्या रात्री दोन मुठी गहू भिजत घालायचे. सकाळी निथळून, पत्र्याच्या जुन्या ताटांत वाडीतली भुसभुशीत माती पसरायची आणि वर गहू दाटीने टाकायचे. इतके दाट की माती दिसता कामा नये. त्यावर ओलं फडकं. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फडक्याला चिकटायला लागली की फडकं हळूच उचलायचं, ओढायचं नाही. मग ताटं खिडकीत. पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतलं की दाणे एका बाजूला वाहत जातात. २४ तारखेला वीतभर हिरवंगार गवत तयार. पहिल्यांदा पेरले तेव्हा मी घाईने १ तारखेलाच पेरले. नाताळापर्यंत ते लोळण घेऊन पिवळे पडले आणि बाळ येशू वाळक्या पेंढ्यात निजला. तसा गोठ्यात पेंढाच असतो म्हणा.

ह्या कामाचा मला झालेला फायदा असा. रोज सकाळी पाच मिनिटं, ताटांवर पाणी शिंपडताना, मी ह्यांच्याशी बोलते. बहुतेक तक्रारीच करते. मग ताटं ठेवते आणि दिवसाला लागते. दिवसभर मुद्दाम आठवायचा किंवा मुद्दाम विसरायचा ताण राहत नाही.

याला शास्त्राचाही आधार आहे, हे मला नंतर कळलं. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की, दुःखातलं माणूस सरळ रेषेत बरं होत नाही. ते झोपाळ्यासारखं हलतं. कधी गेलेल्या माणसाकडे, कधी समोरच्या संसाराकडे. दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. एकाच बाजूला अडकलं की त्रास. त्यामुळे सकाळी रडून दुपारी करंज्यांच्या सारणात साखर कमी पडल्याबद्दल सुनेशी वाद घातलात, तर तुमचं प्रेम कमी होतं असा अर्थ काढू नका. झोपाळा चालू आहे, इतकंच.

आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्या "दुःखाच्या पाच पायऱ्या" घेऊन स्वतःला मोजत बसू नका. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. मला तिसरी पायरी, देवाशी घासाघीस करण्याची, कधी लागलीच नाही. दोन वर्षं वाटत होतं, माझं काहीतरी चुकतंय.

चांगल्या नसलेल्या आठवणींचं काय

हे कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आमचे हे वर्षभर सरळ, पण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी प्यायचे. एका वर्षी गोठा मांडताना वाद झाला आणि त्यांच्या हातून संत योसेफाची मूर्ती खाली आपटली. हात तुटला. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता, दाराआड उभा. मी फेविकॉलने हात चिकटवला, तो थोडा वाकडा बसला आहे, अजून तसाच आहे.

माणूस गेलं की आपण त्याला देव्हाऱ्यात बसवतो. मग अशी आठवण आली की चोरी केल्यासारखं वाटतं. आनंदाच्या आठवणी येऊन निघून तरी जातात, ही मात्र जात नाही, कारण ती कोणाला सांगितलेलीच नसते. तिसऱ्या नाताळात मुलाने खोक्यातून योसेफ काढला, हातावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा पप्पांनी तोडला होता." मी म्हटलं, "हो." दोघं पलंगावर बसलो. त्याने त्या रात्रीचं त्याच्या बाजूने सांगितलं, मी माझ्या. मला माहीत नव्हतं, तो त्या रात्री ताऱ्याखाली झोपला होता. योसेफ पुन्हा गोठ्यात ठेवला, वाकडा हात भिंतीकडे न करता.

तर करायचं ते असं. ती आठवण ज्याने पाहिली असेल अशा एकाच माणसाला सांगा. नाताळाच्या आधी, निवांत वेळी. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर नको, लहान नातवंडांसमोर नको, आणि दोन ग्लास घरच्या वाइननंतर तर नकोच. दारूने आठवण धुऊन निघत नाही, फुगते. एकटं असाल तर त्या संध्याकाळी बाटली उघडूच नका. हे उपदेश म्हणून म्हणत नाही, दुसऱ्या वर्षी मी उघडली होती.

वासांचं वेगळं. नाकातून मेंदूकडे जाणारा रस्ता आठवणी आणि भावनांच्या भागांशी थेट जोडलेला असतो, म्हणून भट्टीतून आलेल्या केकचा डबा उघडला की विचार यायच्या आत डोळे भरतात. त्यावर झगडू नका. डबा बंद करा, बाहेर या, हात-तोंड गार पाण्याने धुवा. मी वाडीत जाऊन केळी मोजते. विसाव्या केळीपर्यंत श्वास जागेवर येतो.

मात्र काही लोकांना आठवण येत नाही, तो प्रसंगच पुन्हा घडतो. हॉस्पिटलचा पॅसेज, यंत्राचा आवाज, घाम, धडधड. किंवा सहा महिन्यांहून जास्त काळ लोटला तरी ओढ आणि वेदना कमी होत नाहीत, झोप नाही, कामात मन लागत नाही. हे सहन करायचं दुःख नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणून आजारांच्या यादीत जागा दिली आहे, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आमच्यापैकी काहींना वाटतं, श्रद्धा असली की याची गरज काय? दात दुखला की आपण दंतवैद्याकडे जातोच ना.

लोक

लोक चांगले असतात आणि चुकीचं बोलतात. "ते यंदा स्वर्गात येशूबरोबर नाताळ करतायत" हे मला सात जणांनी सांगितलं. मला ते इथे हवे होते, चाफा विकायला. उत्तर आधीच तयार ठेवा म्हणजे दारात शब्द शोधावे लागत नाहीत. माझं ठरलेलं: "आलात, बरं वाटलं. बसा, चहा टाकते." पुढचं सगळं चहात बुडतं.

जावेकडे जेवायला बोलावलं तर जा, पण "तासाभरासाठी येते" असं सांगून जा आणि परतीची रिक्षा आपली आपण ठरवा. राहावंसं वाटलं तर कोणी हाकलत नाही. नाताळानंतरच्या रविवारी येशू, मारिया, योसेफ या पवित्र कुटुंबाचा सण असतो, प्रवचन हमखास घरकुलावर. मी मागच्या बाकावर बसते, दाराजवळ. अजूनपर्यंत उठून जावं लागलेलं नाही, पण दार जवळ आहे हे बरं असतं.

आणि दुःखाच्या घरी ताट घेऊन जाणाऱ्यांनो, ताट लहान न्या. एकट्या बाईला अकरा घरांच्या करंज्या संपत नाहीत. त्याऐवजी गेलेल्या माणसाची एखादी गोष्ट सांगा, जी घरच्यांना माहीत नाही. बाजारातल्या एका फूलवाल्याने मला सांगितलं की, हे उरलेला चाफा परत न आणता स्टेशनच्या जिन्यावर बसणाऱ्या म्हातारीला देऊन यायचे. वीस वर्षं. मला घरी सांगायचे, "आज सगळा खपला."

शिडीचं राहिलं. ती आमची नव्हतीच. पलीकडच्या घरची, दरवर्षी मागून आणलेली. दुसऱ्या वर्षी त्या शेजाऱ्याने मुलाला तारा लावण्यासाठी झाडावर चढताना पाहिलं आणि स्वतःच खांद्यावर घेऊन आला. यादीत आता चोवीसावं काम आहे: शिडी २० तारखेच्या आत मागायची, नंतर ती चर्चच्या मंडपाला जाते.