दोन राउटर, एक सर्व्हर आणि हरवलेलं उत्तर

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. साहेबांनी दुसरी इंटरनेट लाइन घेतली आणि म्हणाले, "सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेतच, जोडून टाक." पंधरा मिनिटांचं काम वाटलं. शनिवारची अख्खी रात्र गेली.

पहिलं कार्ड १९२.१६८.१.१० वर, त्याचा राउटर १.१. नवा राउटरही खोक्यातून १९२.१६८.१.१ घेऊनच आला होता. तो २.१ वर नेला, दुसऱ्या कार्डाला २.१० दिला. दोन्हीकडे पत्त्यांची एकच रेंज ठेवलीत तर पुढचं काहीच धड होणार नाही. मग दोन्ही कार्डांना गेटवे, म्हणजे बाहेर जायचा राउटर, भरला. माती खाल्ली ती इथेच.

मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून बघितलं. पहिल्या लाइनवरून सर्व्हरवरची साइट उघडली, दुसरीवरून नुसतं गोल फिरत राहिलं. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं सर्व्हरकडे वळवणारी सोय) चारदा तपासलं, केबल बदलली. शेवटी दुसऱ्या कार्डावर टीसीपीडम्प लावला, म्हणजे ये-जा करणारी डेटाची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम. बाहेरून सिन (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) येतंय, सेकंदाने परत, मग दोन सेकंदांनी परत, आणि उत्तर एकही नाही. सहज म्हणून पहिल्या कार्डावर लावला, तर उत्तरं तिकडून निघत होती, २.१० चा पत्ता लावून!

पाहुणा कुठल्या दाराने आला हे सर्व्हरवरचं लिनक्स बघत नाही, त्याला जायचंय कुठे एवढंच बघतं. डिफॉल्ट रूट म्हणजे दुसरा रस्ता जुळला नाही की धरायचा रस्ता. असे दोन असले तर कमी मेट्रिकचा, म्हणजे पसंतीचा आकडा लहान असलेला, जिंकतो. पहिल्या राउटरला या कनेक्शनची खबरच नसते. तो पॅकेट टाकून देतो, नाहीतर स्वतःचा पत्ता चिकटवून पुढे ढकलतो, आणि पलीकडचा फोन ते ओळखत नाही.

यावर इलाज पॉलिसी राउटिंगचा, म्हणजे पॅकेट कुठल्या पत्त्यावरून निघालं ते बघून रस्ता ठरवायचा. दुसऱ्या लाइनसाठी मी १०२ नंबरचं वेगळं टेबल (रस्त्यांची यादी) केलं (२५३ ते २५५ लिनक्सचे राखीव). त्यात २.० ची रेंज थेट दुसऱ्या कार्डावर आणि डिफॉल्ट २.१ वरून. मग आयपी रूल या कमांडने एक नियम: सोर्स २.१० असेल तर टेबल १०२ बघ. पहिल्यासाठी तसंच १०१. मुख्य टेबलात डिफॉल्ट एकच ठेवला. तुमच्याकडे उत्तर कुठल्याच कार्डातून निघत नसेल तर आरपी-फिल्टर बघा, म्हणजे पॅकेट ज्या कार्डावर आलं तिथूनच परतीचा रस्ता आहे का हे तपासणारी सेटिंग. तो १ वर, म्हणजे कडक असेल, तर कर्नलच (लिनक्सचा गाभा) पॅकेट गिळतो.

कमांडने केलेलं सगळं रीबूटला उडतं. सोमवारी वीज गेली तेव्हा हेही कळलं. आता ते नेटप्लॅनच्या (नेटवर्क सेटिंग कायम ठेवणाऱ्या) फाइलीत आहे. तिथे टॅब चालत नाही, स्पेसच द्या.

साहेबांना वाटलं, आता एक लाइन पडली की दुसरी आपोआप धरेल. तसं होत नाही. राउटरच्या पलीकडे लाइन मेली तरी कार्डाचा हिरवा दिवा लागलेलाच असतो, रूट जागचा हलत नाही. त्यासाठी दोन्ही कार्डांवरून बाहेरच्या पत्त्याला पिंग करून डिफॉल्ट बदलणारी स्क्रिप्ट लागते. माझी पहिली स्क्रिप्ट आठवडाभर राउटरलाच पिंग करत होती.