आपल्या खाडीत भरतीची वीज मिळेल का? प्राथमिक हिशोब कसा मांडावा

भरती-ओहोटीच्या विजेचे मोठे बलस्थान म्हणजे तिचा नियमितपणा. ढग दाटले, वारा पडला तरी चंद्र-सूर्याच्या ओढीने चढणारे पाणी चुकत नाही आणि त्याच्या वेळा वर्षभर आधी छापता येतात. एखादी खाडी या विजेसाठी योग्य आहे की नाही, हे मात्र तेवढ्यावरून ठरत नाही. पाणी किती चढते-उतरते आणि किती क्षेत्रावर पसरते, या दोन गोष्टी निर्णायक असतात व त्यांचा हिशोब शाळेतल्या गणिताने करता येतो. प्रकल्पाची मागणी करण्यापूर्वी तो जरूर करावा.

प्रथम भरतीची कक्षा, म्हणजे भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक काढावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत जवळच्या बंदराचे आकडे मिळतात. एका दिवसाचा आकडा घेऊन चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. मुंबईत उधाणाच्या वेळी कक्षा साधारण ३.६ मीटर, तर भांगाच्या वेळी अवघी १.४ मीटर असते. शिवाय खाडीच्या आत हे आकडे बदलतात, म्हणून जेटीच्या खांबावर मापाची पट्टी लावून निदान एक पूर्ण पंधरवडा नोंदी घ्याव्यात.

त्यानंतर सूत्र वापरावे: कक्षेचा (मीटरमध्ये) वर्ग, गुणिले अडवल्या जाणाऱ्या पाण्याचे क्षेत्रफळ (चौरस किलोमीटरमध्ये), गुणिले १,४००. उत्तर येते ते एका भरतीत साठणाऱ्या ऊर्जेचे, युनिटमध्ये. सारी मेख या वर्गात आहे. कक्षा निम्मी झाली की ऊर्जा चौथाई होते, आणि मुंबईच्या वरील आकड्यांनी उधाणाची ऊर्जा भांगाच्या साडेसहापट भरते. म्हणून सरासरी काढताना आधी प्रत्येक कक्षेचा वर्ग करावा आणि मग त्या वर्गांची सरासरी घ्यावी. उलट क्रमाने केल्यास उत्तर कमी येते. क्षेत्रफळही भरतीच्या वेळचे धरू नये, कारण ओहोटीला चिखलाणी उघडी पडतात. भरती आणि ओहोटी या दोन्ही वेळच्या क्षेत्रफळांची सरासरी घ्यावी.

ही सारी ऊर्जा हाती लागत नाही. किती लागते, हे फ्रान्समधील ब्रिटनीच्या ला रान्स प्रकल्पावरून ताडता येते. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात २४ टर्बाइन असून स्थापित क्षमता २४० मेगावॉट आहे. तेथे सरासरी कक्षा सुमारे ८ मीटर आणि अडवलेले पाणी सुमारे २२ चौरस किलोमीटर आहे. आपल्या सूत्राने एका भरतीला १९.७ लाख युनिट येतात. वर्षात सुमारे ७०५ भरत्या असल्याने वर्षाचे जवळजवळ १३९ कोटी होतात. प्रत्यक्ष उत्पादन ५० कोटी युनिटच्या आसपास असते, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक. आपणही एक तृतीयांश धरावे. स्थापित क्षमतेच्या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नये, कारण २४० मेगावॉटच्या या केंद्राची वर्षभराची सरासरी ५७ मेगावॉटच पडते.

मुंबईइतकी कक्षा असलेली ५ चौरस किलोमीटरची खाडी घेतली, तर याच रीतीने वर्षाला सुमारे सव्वा कोटी युनिट, म्हणजे सरासरी १.४ मेगावॉट मिळतात. त्यासाठी खाडीच्या मुखावर बंधारा, दरवाजे आणि खाऱ्या पाण्यात टिकणारी यंत्रे उभारावी लागतील. सिंधुदुर्ग-गोव्याकडे कक्षा आणखी कमी होते. म्हणून भारतात या विजेचा खरा विचार खंभातच्या आखातापुरता (अंदाजित क्षमता ७,००० मेगावॉट) आणि कच्छच्या आखातापुरता (१,२०० मेगावॉट) होत आला आहे. कच्छमधला प्रस्ताव आणि सुंदरबनातील दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प, दोन्ही खर्चापायी सोडून द्यावे लागले. खंभातमध्ये सरासरी कक्षा पावणेसात मीटरच्या आसपास असल्याने तेथील आशा मला आजही सोडून देण्याजोगी वाटत नाही.

आता वेळेचा हिशोब. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा ठोकताळा येथे फार उपयोगी पडतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला पूर्ण भरती. भरतीचे पाणी अडवून दरवाजे लावले, तरी बाहेरची पातळी पुरेशी उतरेपर्यंत दोन-अडीच तास थांबावे लागते आणि मग चारेक तास वीज मिळते. म्हणजे चतुर्थीची वीज संध्याकाळच्या मागणीला उपयोगी पडते, तर एकादशीची पावणेअकरानंतर सुरू होते. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असल्याने उधाणाची जोरदार वीज नेहमी दुपारी अडीच ते साडेसहा आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर मिळणार. दुपारी तर सौरऊर्जाही असते. त्यामुळे महिन्याच्या सर्व तिथींचा तक्ता करून शेजारी स्थानिक मागणीचा आलेख ठेवावा.

आकडे जुळले तरी खाडीचे काय होईल, हे पाहिलेच पाहिजे. ला रान्सच्या बांधकामात खाडीचे मुख सुमारे तीन वर्षे बंद होते. आतील जीवसृष्टी जवळजवळ नष्ट झाली आणि ती सावरायला दशकभर लागले. बंधाऱ्यामागे पाणी संथ झाले की गाळ बसतो, साठवण घटते आणि होड्यांची वाट अडते. आपल्याकडची कांदळवने सीआरझेड-१ अ मध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या सर्वांत संरक्षित वर्गात येतात, आणि आतली पातळी दीर्घकाळ चढी राहिली तर त्यांची मुळे गुदमरतात. मासेमारीची जाळी कोठे लागतात, शिंपल्या कोठे वेचल्या जातात, याची नोंद कोळी-गाबीत वस्त्यांत बसूनच घ्यावी, कारण नकाशात ती सापडत नाही.

जुना बांध असेल तर खर्च आणि हानी दोन्ही घटतात. दक्षिण कोरियातील सिहवा येथे १९९४ मध्ये समुद्र अडवून केलेला तलाव प्रदूषित झाला होता. त्याच बांधात २०११ पासून २५४ मेगावॉटचे केंद्र चालू आहे आणि समुद्राचे पाणी खेळते राहिल्याने तलावही सुधारला. कोकणातील खारबंदिस्तीला हा न्याय लावू नये. ते बांध खारे पाणी शेतात येऊ नये म्हणूनच आहेत.

बंधाऱ्याविना, केवळ प्रवाहात टर्बाइन बुडवण्याचा पर्याय अरुंद सामुद्रधुनीत चालतो. स्कॉटलंडच्या पेंटलंड फर्थमध्ये अशी १.५ मेगावॉटची चार यंत्रे आहेत. येथे वेगाच्या घनाचा नियम लागतो: सेकंदाला १ मीटर वेगाच्या पाण्यात दर चौरस मीटरला जेमतेम अर्धा किलोवॉट असतो, अडीच मीटरला आठ किलोवॉट. होडीतून तरंगता ठोकळा सोडून, ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ उधाणाच्या आणि भांगाच्या दिवशी मोजावा. उधाणालाही वेग सेकंदाला २ मीटरच्या आत राहिला, तर हा पर्याय तेथेच बाजूला ठेवावा.